टाकीतले शेवाळ: औषधाआधी दिव्याकडे पाहा

नमस्कार. माझ्या हातात माशांच्या टाकीत लावतात त्या अनुबियास या पाणवनस्पतीचे एक पान आहे, ते जरा जवळून दाखवते. त्याच्या कडेला काळ्या, राठ केसांचे बारीक झुबके दिसत आहेत आणि बोटाने कितीही घासले तरी ते सुटत नाहीत. हे ब्लॅक ब्रश शेवाळ आहे. दिसायला काळे असले तरी ते लाल शेवाळांच्या कुळातले असून मरताना गुलाबी होते.

असे शेवाळ दिसले की आपण लगेच शेवाळनाशक शोधतो किंवा झाडांचे खत बंद करतो. खत बंद करणे ही मला मोठी चूक वाटते. कारण खतातले नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळाला अगदी थोडे पुरते, झाडांना मात्र भरपूर लागते, आणि म्हणून उपासमार आधी झाडांचीच होते. अशक्त झालेल्या पानांवर मग शेवाळ निवांत बसते.

खरे कारण बहुधा प्रकाशात असते. प्रकाश वाढला की झाडांची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची गरजही वाढते, आणि ती भागली नाही की वाढ खुंटते. माझी पहिली टाकी खिडकीजवळ होती आणि तिच्यावरचा दिवा रोज १२ तास जळत असे. टाकी हलवून, टायमर लावून मी दिवा ६ तासांवर आणला, दर आठवड्याला निम्मे पाणी बदलू लागले, तेव्हा कुठे नवी पाने स्वच्छ येऊ लागली. ८ तासांच्या पुढे मी आजही जात नाही. टाकीला सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड देत असाल तर तो दिवा लागण्याच्या तासभर आधी सुरू करा, कारण त्याचे प्रमाण सतत वरखाली होणे या काळ्या शेवाळाच्या पथ्यावर पडते.

आमानो कोळंबी धाग्यासारखे शेवाळ आवडीने खाते, नेराइट गोगलगाय काचेवरचे हिरवे ठिपके खरवडते. पण दिव्याचे तास चुकलेले असतील तर त्या तरी किती पुरणार?

अनुबियास फार सावकाश वाढते, त्यामुळे तिचे एकेक पान महिनोन्‌महिने उजेडात राहते आणि त्यावर शेवाळाला जम बसवायला वेळ मिळतो. झुबके धरलेले पान सहसा आपोआप पुन्हा नितळ होत नाही. म्हणून अशी सगळी पाने मी आडव्या खोडालगत कापून टाकते आणि हे रोप दिव्याच्या थेट खालून काढून लाकडाच्या सावलीत बांधते.