कोण पाहणार, कुठून पाहणार

नमस्कार श्रोतेहो.

ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय करू पाहणाऱ्या मुलामुलींशी मला आज बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरच्यांशीही. सुरुवात मात्र एका मतपत्रिकेपासून करते.

सन २००० मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत वयस्क मतदार बरेच. त्यांना उमेदवारांची नावं नीट वाचता यावीत म्हणून अक्षरं मोठी करायचं ठरलं. मोठ्या अक्षरांत सगळी नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि मत देण्यासाठी छिद्रं पाडायची जागा दोन्ही पानांच्या मधोमध एकाच उभ्या ओळीत ठेवली. डाव्या पानावर अल गोर यांचं नाव वरून दुसरं होतं. साहजिकच त्यांचा मतदार मधल्या ओळीतलं दुसरं छिद्र शोधणार. पण दुसरं छिद्र होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. गोर यांचं छिद्र तिसरं. शेजारी बाण छापलेले होते, तरीही लोक चुकले. अभ्यासकांनी नंतर आकडेवारी तपासून निष्कर्ष काढला की गोर यांना द्यायची दोन हजारांहून अधिक मतं चुकून ब्यूकॅनन यांना पडली होती. फ्लोरिडात गोर हरले ते अवघ्या ५३७ मतांनी, आणि त्या राज्याच्या निकालावर अध्यक्षपद ठरलं.

अक्षरं मोठी करण्यामागचा हेतू चांगलाच होता. डोळा एका नावावरून मधल्या छिद्राकडे कसा जाईल, हे मात्र कुणी नीट तपासलं नाही. ग्राफिक डिझायनरचं मुख्य काम नेमकं तिथेच असतं. आपण पानावर किंवा पडद्यावर जे ठेवतो, त्याच्या भरवशावर कुणीतरी काहीतरी करणार असतं. गोळ्या किती घ्यायच्या ते कुणी पाकिटावर वाचणार असतं, कुणी फलक पाहून वळण घेणार असतं, कुणी अर्ज भरणार असतं. मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे, म्हणून त्याला डिझाइनला घालू, असा विचार पुष्कळ घरांत होतो. चित्रकलेचा हात असला तर आनंदच आहे. पण जत्रेतल्या गर्दीत दुसऱ्याला वाट सापडत नाहीये हे ज्या मुलाच्या आधी लक्षात येतं, त्याच्याकडे या व्यवसायाचं भांडवल जास्त आहे, असं माझं मत आहे.

याची दोन मोठी उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये त्या रेल्वेचा नवा नकाशा काढला. त्यात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या. स्थानकांमधलं खरं अंतर त्यांनी सोडूनच दिलं. शहराच्या मध्यभागात गाडी जमिनीखालून जाते, खिडकीतून काही दिसत नाही. प्रवाशाला एवढंच हवं असतं की कुठे चढायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं. आधी हा नकाशा फार धाडसी वाटला म्हणून नाकारला गेला. १९३३ मध्ये तो छापला आणि लोकांनी तो उचलून धरला. जगभरच्या बऱ्याच मेट्रोंचे नकाशे आजही त्याच वळणाचे असतात.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९७२ मध्ये डिझायनर मास्सिमो विन्येल्ली यांच्या हाताखाली तिथल्या सबवेचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, असाच आरेखवजा नकाशा तयार झाला. दिसायला तो अप्रतिम होता, डिझाइनच्या वर्गांत अजूनही दाखवला जातो. पण त्यात बागा करड्या होत्या, पाणी फिकट तपकिरी होतं, आणि आयताकृती सेंट्रल पार्क ही मोठी बाग जवळजवळ चौरस झाली होती. न्यूयॉर्कच्या लोकांना आपलं शहर रस्त्यांच्या जाळ्यामुळे पाठ असतं. स्थानकातून वर आल्यावर कुठे चालायचं, ते या नकाशाशी जुळेना. तक्रारी आल्या आणि १९७९ मध्ये भूगोल पाळणारा नकाशा आला. गंमत पुढेच आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कनं पुन्हा आरेखवजा नकाशाच स्वीकारला. माझ्या मते यामागे एक कारण असं असावं की आता रस्त्यांचा नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशाकडून अपेक्षा बदलली. पद्धत एकच, पण पाहणारा आणि त्याचा प्रसंग बदलला की तिचं मोल बदलतं. म्हणून डिझाइन चांगलं की वाईट, हे नुसतं त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

आता शिकायचं काय, ते बोलू. सगळ्यात आधी सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. सॉफ्टवेअर शिकावंच लागतं, पण ती काही महिन्यांची गोष्ट आहे आणि त्याचे धडे सहज मिळतात. डिझायनर सुसान केअर यांनी पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरची चिन्हं काढली, तो संगणक १९८४ मध्ये बाजारात आला. सुरुवातीची चिन्हं त्यांनी आलेखाच्या वहीत चौकोन भरून काढली होती. एका चिन्हाला ३२ गुणिले ३२ चौकोनांची जागा. तेवढ्यात फाइल, कात्री, कचऱ्याची पेटी ओळखू यायला हवी. मी प्रत्येक नवशिक्याला हा सराव करायला सांगते. जागा कमी असली की नेमकं काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा निर्णय घ्यावाच लागतो.

वर्षानुवर्षं शिकत राहावं असं काही असेल तर ते अक्षर. आपल्या देवनागरीबद्दल तर मला मनापासून बोलायचं आहे, कारण बरीचशी पुस्तकं आणि शिकवण्या रोमन लिपीचे नियम शिकवतात, आणि मुलं ते जसेच्या तसे मराठीला लावतात. रोमनमध्ये मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून जरा लांब केली की भारदस्त दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींमध्ये रोमनइतकंच अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे महत्त्व दाखवायला अक्षराचा आकार, त्याची जाडी आणि भोवतालची मोकळी जागा यांवरच काम भागवावं लागतं. जोडाक्षरांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं. द्ध, द्य, ह्म, क्ष्म ही अक्षरं एखाद्या फॉन्टमध्ये कशी बसतात, हे तपासल्याशिवाय तो मजकुराला वापरू नये. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत; जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हं होतात, हेही ठाऊक असावं. ज्याला मराठी मजकूर नीट लावता येतो, त्याला काम शोधत फिरावं लागत नाही, कारण अशी माणसं खरोखर कमी आहेत.

रंगाबद्दल थोडक्यात. लाल आणि हिरवा यांतला फरक नीट न दिसणारी माणसं आपल्या ओळखीत असतात, बहुतेक पुरुष. म्हणून नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नये. सोबत शब्द किंवा आकार हवा. पडद्यावरच्या मजकुरासाठी वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष आहेत. त्यांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात, पण उन्हात फोन धरलेल्या माणसाला ती वाचता येत नाहीत.

आणि छपाई. पडद्यावरची कामं वाढली असली तरी पाकिटं, पुस्तकं, फलक छापले जातातच. छापखान्यात जाऊन उभं राहणं हा अभ्यासक्रमाचा भाग समजा. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, लाल, हिरवा, निळा. कागदावरचे शाईचे, सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. पडद्यावर झळाळणारा निळा कागदावर मंद उतरतो, त्याची तयारी आधीच करावी लागते. कडेपर्यंत रंग असेल तर कागद कापण्यासाठी साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कडेबाहेर वाढवलेला रंग, सोडावा, नाहीतर कापताना किंचित फरक पडला तरी पांढरी रेघ दिसते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. तो चारही रंगांत गेला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, केसभर सरकलं की अक्षरांना रंगीत सावली येते. लोगो व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा, असावा, म्हणजे पेनावर आणि इमारतीवर तोच चालतो. हातात धरून पाहायच्या छपाईत फोटो प्रत्यक्ष आकाराला इंचाला ३०० पिक्सेल असावेत. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला आपली फाइल विनातक्रार चालली, तर तो तुमचं नाव चार जणांना सांगतो. या व्यवसायात कामं अशीच येतात.

आता गिऱ्हाइकाशी बोलण्याबद्दल, कारण अर्धं काम तिथे होतं किंवा बिघडतं. काम घेताना रंग आणि आवडीनिवडी विचारण्याआधी साधे प्रश्न विचारा. हे कोण पाहणार? कुठून, किती लांबून? त्याच्याकडे किती वेळ असेल? पाहून झाल्यावर त्यानं काय करावं अशी तुमची इच्छा आहे? ही उत्तरं लिहून ठेवा. मग 'लोगो जरा मोठा करा' असं कुणी म्हणालं की वाद घालायची वेळ येत नाही. त्यामागची भीती बहुधा खरी असते: आमचं नाव लोकांच्या लक्षात राहणार नाही. त्यावर उपाय कधी लोगो मोठा करणं असतो, कधी भोवतालची गर्दी काढणं. दोन्ही करून दाखवा आणि लिहिलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. आपली बाजू शांतपणे, दोन वाक्यांत सांगता येणं हे या कामाचं कौशल्यच आहे, आणि ते सरावानं येतं.

शिक्षण कुठे घ्यावं, पदवी लागते का, असं पालक विचारतात. पदवीनं शिस्त, सोबती आणि चांगली टीका मिळते. मोठ्या संस्थांत नोकरीसाठी तिचा उपयोगही होतो. पण कामं मिळतात ती शेवटी पोर्टफोलिओवर, म्हणजे आपल्या निवडक कामांच्या संग्रहावर. त्यात कामं थोडीच ठेवा, आणि प्रत्येक कामाची अडचण काय होती, कोणत्या कल्पना टाकून दिल्या, का टाकल्या, हे दाखवा. नुसती देखणी चित्रं पाहून तुम्ही विचार कसा करता ते कळत नाही. कामं नसतील तर स्वतः शोधा: एखादा अवघड सरकारी अर्ज, वाचता न येणारं वेळापत्रक, गोंधळ करणारा दवाखान्याचा फलक. ते नव्यानं मांडा आणि खऱ्या माणसांच्या हातात देऊन पाहा. ती कुठे अडखळतात ते नोंदवून पुन्हा बदला. असं एक काम मला दहा काल्पनिक लोगोंपेक्षा जास्त सांगतं.

यंत्रं आता शब्दांवरून चित्रं बनवतात, मग आमचं काय, ही धास्ती मी समजू शकते. ठरावीक साच्यातली कामं कमी होतील, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कोणासाठी, कशासाठी हे ठरवणं आणि त्याची जबाबदारी घेणं माणसाकडेच राहतं. ही साधनं शिका, वापरा, आणि त्यांनी दिलेलं प्रत्येक अक्षर तपासा. देवनागरीत तर हटकून तपासा.

शेवटी पैशाचं. सुरुवातीला एखाद्या स्टुडिओत, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करावं असं माझं मत आहे. स्वतंत्र कामाची घाई करू नये. पण लहानसं काम स्वतः घेतलं, अगदी ओळखीतलं असलं, तरी चार गोष्टी लिहून घ्या. काम नेमकं कोणतं आणि किती. बदल किती वेळा करून मिळतील, आणि त्यापुढे किती पैसे. डिझाइन कुठे कुठे वापरता येईल आणि मूळ फाइल द्यायची की नाही. आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी. ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यायला संकोच वाटेल. तरी घ्याच, कारण कागद नसल्यावर वाईटपणा येतो तो ओळखीतच.

नमस्कार.