मोजपट्टी एकाची, नाव दुसऱ्याचं

एक साधा हिशेब जरा नीट बघा: प्रत्येक कंपनीच्या बाजारातल्या वाट्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. एका बाजारात चार कंपन्या आहेत, प्रत्येकीचा वाटा २५ टक्के. पंचवीसचा वर्ग ६२५, चौघींची बेरीज २५००. आता कंपन्या चारच ठेवू. पण एकीला ७० टक्के देऊ आणि उरलेल्या तिघींना दहा-दहा. बेरीज थेट ५२००. बाजार कोणाच्या मुठीत आहे, ते आकड्यानं लगेच सांगितलं.

कंपन्यांच्या विलीनीकरणाला हरकत घ्यायची की नाही, हे ठरवताना अमेरिकेच्या न्याय खात्यानं १९८२ साली हीच बेरीज हाताशी घेतली. बोलताना पुष्कळ जण तिला नुसतं 'हर्फिंडाल निर्देशांक' म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ ओरिस हर्फिंडाल यांनी पोलाद उद्योगावरच्या प्रबंधात ती वापरली, १९५० मध्ये. पण त्याच्या पाच वर्षं आधी अल्बर्ट हर्शमन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या पुस्तकात ही पद्धत आलेली होती. फरक इतकाच, की हर्शमन शेवटी बेरजेचं वर्गमूळ काढत.

आणि त्यांना कंपन्या मोजायच्याच नव्हत्या. त्यांच्यासमोर होती नाझी जर्मनी आणि तिला माल विकणारे आग्नेय युरोपातले छोटे देश. बल्गेरियाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा जर्मनीला जाई. जर्मनीच्या हिशेबात मात्र तो व्यापार किरकोळ. गिऱ्हाईक एकच असलं, की विकणाऱ्याला त्याची मर्जी सांभाळावी लागते. देशांचंही तेच होतं, हे त्यांना आकड्यांत पकडायचं होतं.

१९६४ मध्ये त्यांनी या निर्देशांकाच्या पितृत्वावर एक छोटंसं टिपण छापलं. तक्रार केली, पण हसत हसत. जग निष्ठुर आहे, एवढं म्हणून विषय मिटवला. खरं तर हा माणूस याहून फार मोठ्या गोष्टी गमावून आलेला होता. जन्म बर्लिनचा, १९१५ चा, ज्यू कुटुंबातला. हिटलर सत्तेवर आला आणि १९३३ मध्ये त्यांनी शहर सोडलं. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात लढले. १९४० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात राहून नाझींच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्यांसाठी खोटी कागदपत्रं आणि डोंगरातल्या वाटा शोधत होते. तिथून निघून जाण्याची वेळ त्यांच्यावरही आलीच.

पुढे त्यांनी सिद्धान्त मांडला, तो नेमका निघून जाण्याबद्दल.

त्याचं मूळ नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तरेकडचा भुईमूग बंदरापर्यंत न्यायचा, अंतर शेकडो मैलांचं. एवढ्या लांबच्या, अवजड मालासाठी रेल्वेच सोयीची. तरी व्यापारी ट्रककडे वळत होते आणि रेल्वे सुधारायचं नाव घेत नव्हती. स्पर्धा आली की कारभार सुधारतो, असं पुस्तकं सांगतात. हर्शमनना इथं उलटंच दिसलं. जे मोठे व्यापारी आरडाओरडा करून रेल्वेला वठणीवर आणू शकले असते, तेच आधी ट्रकवाल्यांकडे गेले. तोटा सरकारी तिजोरी भरून काढणार होती, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचं रेल्वेला सोयरसुतक नव्हतं.

यातून १९७० चं त्यांचं पुस्तक उभं राहिलं: 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. संस्था ढासळू लागली की माणूस एकतर बाहेर पडतो किंवा आत राहून आवाज उठवतो. यातलं काय निवडायचं, हे बरंचसं निष्ठेवर ठरतं. अर्थशास्त्र बाहेर पडण्याकडे बघत आलं, राज्यशास्त्र आवाजाकडे. हर्शमननी दोघांना एका पानावर आणलं, तेही दीडशेच्या आसपास पानांत. मग पक्षांतर, कामगार संघटना, शाळांची निवड, स्थलांतर, सगळ्यांवरच्या अभ्यासात हे शब्द शिरले. माझ्या मते त्यांचा खरा प्रभाव इथं आहे. निर्देशांक त्यामानानं जोडधंदा.

१९८९ मध्ये मात्र हा सिद्धान्त अडचणीत आला. एक वाट मोकळी झाली की दुसरीचा जोर ओसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व जर्मनीत दोन्ही एकदमच उसळल्या. सप्टेंबरात हंगेरीनं ऑस्ट्रियाची सीमा उघडली, हजारो लोक तिकडून निसटले. आणि तेव्हाच पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या रस्त्यांवर दर सोमवारी निदर्शकांची गर्दी वाढत चालली. हर्शमननी १९९३ मध्ये त्यावर दीर्घ लेख लिहून स्वतःचीच मांडणी दुरुस्त केली: शेजारीपाजारी निघून गेलेले पाहूनच मागे उरलेल्यांना कंठ फुटला होता.

लाइपझिगच्या त्या गर्दीत सुरुवातीची आरोळी होती, 'आम्हाला बाहेर जायचंय'. थोड्याच दिवसांत तिच्यावर दुसरी चढली: 'आम्ही इथेच राहणार'.