ओळीत नाव हवं

श्रोतेहो, नमस्कार. चांगल्या फोटोला खाली माहितीची ओळ लागत नाही, तो स्वतःच बोलतो, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. का, ते एका फोटोवरून सांगते.

एक बाई बसली आहे. कपाळावर आठ्या, उजव्या हाताची बोटं गालाशी, बाही विरलेली, नजर कुठंतरी लांब. दोन मुलं तिच्या खांद्यांवर रेललेली, दोघांची तोंडं आपल्याकडे पाठ करून. मांडीवर तान्हं बाळ झोपलेलं.

काळजी दिसते. कसली, ते कळत नाही. घरात आजारपण आहे? कुणी गेलंय? मग ओळ वाचायची: मार्च १९३६, निपोमो, कॅलिफोर्निया. मटारतोडणीला आलेले निराधार मजूर. सात मुलांची आई, वय ३२. पीक थंडीनं गोठून गेलं होतं, हाताला काम नव्हतं. सरकारी खात्यासाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँग यांनी तिथली दैना कळवली, वर्तमानपत्रात ती फोटोंसह छापून आली आणि सरकारनं तळावर अन्न धाडलं. नुसता चेहरा बघून ते धाडायचं कुठं, हे कुणाला कळलं असतं?

पण त्या ओळीत बाईचं नाव नव्हतं. लँग यांनी ते विचारलंच नाही. शिवाय, गाडीचे टायर विकून हे लोक पोट भरताहेत, असं त्यांनी लिहिलं. घरच्यांनी पुढं ते साफ नाकारलं. फोटो जगभर गेला आणि बाई १९७८पर्यंत निनावी राहिली. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, अमेरिकेतल्या चेरोकी या मूलनिवासी समाजातल्या. फोटो काढलाच नसता तर बरं होतं, आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग रास्त वाटतो. नाव न विचारता लिहिलेल्या ओळीनं माणसाचा नमुना होतो.

म्हणून एक विनंती. घरातले जुने फोटो काढा आणि ओळखू शकणारी माणसं आहेत तोवर त्यांना शेजारी बसवा. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, मागं कडेला लिहा: डावीकडून कोण कोण, गाव, साल. नुसतं ‘मोठी काकू’ लिहू नका. काकूंचं नाव लिहा, माहेरचंसुद्धा. घरी कामाला असलेली बाई कोपऱ्यात उभी असेल, तर तिचंही विचारून घ्या.