जाहिरातीपासून खुर्चीपर्यंत
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: गंगापूर रोडलगतचा भाड्याचा बंगला. फाटकावर संस्थेची पाटी. दारापाशी तीन पायऱ्या.)

नाशिकमधल्या कितीतरी सेवाभावी संस्था अशाच बंगल्यांतून चालतात. हॉलमध्ये बैठका, एका बेडरूममध्ये हिशेब, स्वयंपाकघरात चहा आणि जुन्या फायली. काम मात्र पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर. आपण वंचितांसाठी काम करतो, मग आपल्या कार्यालयात सगळ्यांना जागा असणारच, असं इथे सहसा धरूनच चालतात. ते खरं आहे का, हे तपासायला एक इंटर्न येते. कामाचं नाव भारदस्त: कामाच्या ठिकाणची विविधता आणि समावेशन. हातात असतात मोजपट्टी, वही आणि मस्टर.

वेळ किती? पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या 'ओजेटी'ला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाला, ४ श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. रोजचे ६ धरले तर २० दिवस. एवढ्यात संस्था बदलत नाही. पण माणसं नेमकी कुठे गळतात हे दाखवता येतं. जाहिरात वाचतानाच, मुलाखतीला येताना, पायऱ्यांवर, की रुजू होऊन सहा महिने झाल्यावर?

पहिल्या दिवसाआधी एक पानी पत्र हवं. मार्गदर्शक कोण, कोणत्या फायली बघता येतील, प्रवासखर्च कोण देणार, आणि इंटर्नने काय करायचं नाही. हा शेवटचा मुद्दा बहुतेक पत्रांत नसतो आणि तिथेच गाडी घसरते. तक्रारी ऐकून घेणं, चौकशी करणं हे तिचं काम नाही. ८ मार्चची रांगोळी आणि फलकही नाहीत. शिवाय ती आदिवासी असेल तर 'आदिवासींना काय वाटतं ते सांग' असं तिला उभं करणंही नाही. आणि विनामानधन इंटर्नशिप ज्यांना परवडते तेच विद्यार्थी अर्ज करणार. गळती तिथूनच सुरू झालेली असते.

(दृश्य: टेबलावर पसरलेल्या जुन्या जाहिराती. लाल पेनाने खुणा.)

सुरुवात मागच्या दोन वर्षांच्या जाहिरातींपासून. 'दुचाकी व परवाना आवश्यक', आणि पद लेखापालाचं! 'इंग्रजीवर प्रभुत्व', आणि काम पाड्यावर कोकणा बोलीत आरोग्याची माहिती सांगण्याचं. प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न लिहायचा: ही अट नसेल तर कोणतं काम अडेल? उत्तर सापडलं नाही की अट खोडायची. मग प्रत्येक पदासाठी चार आकडे: अर्ज किती, बोलावले किती, आले किती, घेतले किती. शेजारी तालुका. जाहिरात फक्त ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली असेल तर पहिल्याच आकड्यात ते दिसतं.

बोलावले आणि आले यांत मोठी तफावत दिसली तर मुलाखतीची वेळ बघायची. पेठ नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटर, मध्ये सावळघाट. पाड्यावरून आधी पेठ, तिथून नाशिकचं सीबीएस हे मुख्य बसस्थानक, मग शहराची बस. साडेनऊची मुलाखत म्हणजे आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण निम्म्या तिकिटाने बस लवकर सुटत नाही. वेळ साडेबाराची केली आणि येण्याजाण्याचं भाडं दिलं, इतकंच करायचं आहे.

(दृश्य: इंटर्न आणि शिपाईदादा पायऱ्या मोजताना.)

आता त्या तीन पायऱ्या. एक साधारण १५ सेंटीमीटरची, एकूण चढ ४५. रॅम्पचं प्रमाण १ ला १२, म्हणजे लांबी किमान ५ मीटर ४० सेंटीमीटर. अंगणात ३ मीटरच जागा असते. मग गवंडी तेवढ्यातच उतार बसवून देतो आणि सगळे खूश होतात. तो उतार जवळजवळ १ ला साडेसहा पडतो. त्यावर व्हीलचेअर स्वतःच्या हाताने चढवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, आणि उतरताना तर सरळ धोका. जागा कमी असेल तर रॅम्पला वळण द्यायचं आणि वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवायचा. जुना रॅम्प असेल तर गवंड्याची पाण्याची नळी लावून चढ मोजायचा, नजरेवर भरवसा नको. वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलेलं असेल तर तेही लिहून ठेवायचं, पावसाळ्यात कळतं.

दार ९० सेंटीमीटर मोकळं हवं. मोजताना चौकट नव्हे, दार उघडल्यावर उरणारी फट मोजायची. घरगुती संडासाचं दार बहुधा ७५ चं, साधी व्हीलचेअर ६५ ते ७० ची, शिवाय चाक फिरवणाऱ्या हातांची कोपरं. दार पार केलं तरी आत वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. बंगल्यात ते सहसा नसतं. मग घरमालकाशी बोलणं, की पुढच्या करारावेळी दुसरी जागा, हे विश्वस्तांनी ठरवायचं. इंटर्नने मापं द्यायची.

पायऱ्या निदान डोळ्यांना दिसतात. संगणकातली पायरी दिसतही नाही. जुनी मराठी पत्रं, रजेचे अर्ज, धोरणं श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. डोळ्यांना ती मराठी. आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अंध कर्मचारी एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, लावतो तेव्हा त्याला कानात निरर्थक खडखडाट ऐकू येतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसंच, ते नुसतं चित्र. उपाय म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं, त्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं. पण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून प्रत्येक पान वाचून तपासावं लागतं. आधी रोज लागणारे ५-६ नमुने करावेत. सगळं कपाट उपसायला घेतलं तर २० दिवस तिथेच संपतात.

(दृश्य: फळीवर ठेवलेली बंद पेटी. पाकिटं.)

सर्वेक्षण हा सर्वांत नाजूक भाग. चहाच्या वेळी विचारून तो होत नाही. छापील अर्ज, फक्त खुणा करायच्या, कारण लहान कार्यालयात हस्ताक्षर सगळ्यांना ओळखू येतं. ऑनलाइन केला तर ईमेल गोळा करण्याची सोय आधी बंद करायची. सोबत दोनच वाक्यं: "ताई, नाव लिहायचं नाहीये. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडा."

अपंगत्वाचा प्रमाणपत्राकडे बोट दाखवणारा प्रश्न नको. दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोलून समजावायला किती अडचण येते, असे वॉशिंग्टन गट या अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न जगभर वापरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण कामावर काय अडतं ते या सहांतून लवकर कळतं.

बाहेरचे तयार नमुने उतरवून घेतले की त्यात वंश असतो, जात नसते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात प्रवेशासाठी ज्या गावात सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या प्रश्नावलीत हा रकाना गाळणं आम्हाला तरी पटत नाही. पोटजात विचारायची नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, खुला, आणि 'सांगायचं नाही'. त्याची सांगड एकाच गोष्टीशी: काम फिल्डवर, कार्यालयात, की निर्णय घेणाऱ्या जागी.

एकाच गोष्टीशी का? २२ जणांच्या कार्यालयात हिशेब विभाग, स्त्री, दिव्यांग या तीन चौकटींवर खूण झाली की नाव लिहायची गरजच उरत नाही. अहवालात ५ पेक्षा लहान आकडा छापायचा नाही, गट एकत्र करायचे. टक्केही नकोत, २२ मधला एक माणूस म्हणजे साडेचार टक्के, आणि तो सोडून गेला की आलेख कोसळतो.

पगाराचा तक्ता लेखापालांकडून नावं काढून घ्यायचा. रकमेआधी शब्द बघायचा: कोणाला 'पगार', कोणाला 'मानधन'? भविष्यनिर्वाह निधी कोणाचा कापला जातो? वर्षानुवर्षं रोज येणाऱ्या पाड्यावरच्या ताई मानधनावर आणि नंतर आलेले कार्यालयातले दादा पगारावर, असं चित्र निघालं तर अहवालाचं पहिलं पान तेच.

कायद्याचे कागद एका दुपारी तपासून होतात. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा, मुदत ३ वर्षांपेक्षा जास्त नाही. भिंतीवरची यादी खरी का बघायची. अनेकदा त्यातली एक ताई कधीच नोकरी सोडून गेलेली असते. तक्रारीची मुदत ३ महिने, आणि स्वयंसेवक व प्रशिक्षणार्थीही या कायद्यात येतात, म्हणजे इंटर्नसुद्धा. २० पासून पुढे कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठीच्या समान संधी धोरणात योग्य पदांची यादी आणि संपर्क अधिकारी लागतो, आणि धोरणाची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारीही नेमायचा असतो.

अहवाल दोन पानी. प्रत्येक ओळीत काम, खर्च, तारीख आणि एका माणसाचं पद. 'सर्वांनी लक्ष द्यावे' असं लिहिलेली ओळ कोणाचीच नसते. बिनखर्चाची कामं इंटर्न असतानाच उरकायची: जाहिरातीचा नमुना, मुलाखतीची वेळ, भिंतीवरची यादी. रॅम्पसाठी मात्र विश्वस्तांचा ठराव लागतो, म्हणून मापं आणि गवंड्याचा अंदाज सोबत जोडायचा.

(दृश्य: शेवटचा दिवस. पेटी रिकामी. कागद फाडले जात आहेत.)

भरलेले अर्ज मार्गदर्शकासमोर फाडायचे, फोनमधल्या प्रती पुसायच्या, युनिकोड नमुने संस्थेच्या खात्यावर ठेवायचे. मग मस्टरवरचे तास मोजून प्रमाणपत्र. मस्टरवर ११४ आणि प्रमाणपत्रावर १२० असतील तर आणखी एक दिवस येऊन बसायचं.