कारणाचा रकाना

(इंदूरमध्ये झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 2019 ची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आपल्या मध्य प्रदेश सरकारने शहरातल्या बेरोजगार तरुणांसाठी युवा स्वाभिमान योजना काढली. 100 दिवस काम, महिना 4,000 रुपये, वर प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाच्या यादीत बँड वाजवणं आणि गुरं हाकणं निघालं, आणि मग राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत पोह्यांच्या ठेल्यांवर दुसरा विषय नव्हता. मीही हसलो. नंतर ओशाळलो. लग्नसराईत चांगला क्लॅरिनेटवाला शोधून बघा, तारीख मिळत नाही. आणि गुराख्याला जनावराचं जे कळतं ते मला सात जन्मांत कळायचं नाही. म्हणजे कामात हसण्यासारखं काही नव्हतंच. आपण हसलो कारण मदत घेणाऱ्याला कुठलंही काम चिकटवून द्यावं, ही सवय त्या यादीत उघडी पडली होती.

ही सवय जुनी आहे. 1877 चा दुष्काळ घ्या. ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर एक आणा. दिवसभर माती उपसायची आणि जेवायचं एवढं. मुंबई इलाख्यात हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. पण सरकारचा हिशेब वेगळा होता. काम घरापासून लांब ठेवा, अंग मोडणारं ठेवा, मजुरी पोटापुरतीच ठेवा. तरीही जो येईल तोच खरा गरजू. रस्ता होतो की नाही हे दुय्यम. माणसाला पाखडायचं सूप म्हणून ते काम होतं.

महाराष्ट्रातल्या 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका आपल्या नात्यागोत्यातही निघतील. भर उन्हात ढिगाशी बसायचं, एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर पुढे ओढलेला. संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घेणार. त्या खडीचे ढीग पुढे वर्षानुवर्षं रस्त्याकडेला तसेच पडून राहिल्याच्या गोष्टीही तुम्ही ऐकल्या असतील. तरी त्या काळातून एक मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्राने कायद्यात बसवली, 1977 साली. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. काम हा हक्क झाला, उपकार उरला नाही. निदान कागदावर.

मग 1983 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार. दुष्काळी कामावर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं म्हणजे संविधानाच्या 23 व्या कलमाखालची वेठबिगारी, असं न्यायालयाने म्हटलं. माणूस उपाशी होता म्हणून हो म्हणाला, तर ती संमती नव्हे. माझ्या मते या विषयावर आपल्या देशात लिहिलं गेलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. शब्द माझे, आशय न्यायालयाचा.

2005 च्या केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात बघा. काम पाच किलोमीटरच्या आत, पलीकडे असेल तर मजुरी दहा टक्के जास्त. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता. गंमत अशी की 'योग्य काम' म्हणजे काय हे कुठलाच कायदा धड सांगत नाही; अयोग्य काय ते सांगतो आणि उरलेलं योग्य धरतो. बाहेरही तेच. अमेरिकेत फूड स्टॅम्प, म्हणजे धान्यासाठीची सरकारी मदत, घेणाऱ्याला संप चालू असलेल्या कारखान्यात जायला लावता येत नाही. जर्मनीत बेरोजगार विमा घेणाऱ्याला पहिले तीन महिने पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पगारकपातीचं काम नाकारता येतं, पुढचे तीन महिने ही मर्यादा 30 टक्के. ब्रिटनने 2022 मध्ये आपल्याच क्षेत्रात काम शोधायची मुदत तीन महिन्यांवरून चार आठवड्यांवर आणली. आकडे पुढेमागे होतात. पण माणसाने 'नाही' म्हटलं तर त्याचं कारण कोण ऐकणार, खरी मेख तिथे आहे.

आता इंदूरचं सांगतो. आपल्या मिल एकेक करून गेल्या. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या हातात देण्यांचे पैसे पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्राचा एक निधी होता, 1986 चा: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. उतरत्या जिन्यासारखा.

त्या दिवसांत पुनर्वसनाच्या एका शिबिरात मी नोंदी करायला बसलो होतो. पन्नाशीचा एक साचेवाला, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारा, समोर आला. बोलता बोलता टेबलावरच्या फाइलचा सुटलेला दोरा त्याने एका हाताने गाठ मारून जोडला. गाठ कुठे आहे ते बोटाला कळेना. त्याला देण्यासारखं माझ्याकडे एकच काम होतं, गोदामावर रात्रीची चौकीदारी. हलकं काम, बसून करायचं, घरापासून जवळ; मला वाटलं, याहून योग्य काय असणार? तो माझ्या ओठांकडे एकटक बघत होता. मग म्हणाला, "नहीं साब, ये मेरे से नहीं होगा." का, ते सांगेना. फॉर्मवर कारणाचा रकाना होता, इंचभर रुंद. मी लिहिलं, 'इच्छुक नाही.'

तो उठून निघाला तेव्हा त्याचा चष्मा टेबलावरच राहिला होता. मी हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तो तसाच दारापर्यंत गेला. रांगेतलाच एक जण म्हणाला, "बाबूजी, पच्चीस साल सांचों के बीच में रहा है, उसको सुनाई नहीं देता."

मी धावत जाऊन चष्मा दिला. परत येईपर्यंत रजिस्टर सहीसाठी आत गेलं होतं.