राखेखालचे दालन

श्रोतेहो, नमस्कार.

अटलांटिक महासागरात, पोर्तुगालच्या मुख्य भूमीपासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, फायाल नावाचे एक बेट आहे. अझोर्स द्वीपसमूहातल्या या बेटाच्या पश्चिम टोकाला, कापेलिन्युश येथे, १९०३ पासून एक अष्टकोनी दीपगृह उभे होते आणि त्याच्या पायथ्याशी समुद्र होता. सप्टेंबर १९५७ मध्ये काही दिवस जमीन हादरत राहिली. २७ सप्टेंबरला किनाऱ्यावरच्या टेहळ्यांना, ज्यांचे काम देवमासे हेरण्याचे होते, समोरचे पाणी उकळताना दिसले. समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटला होता. पुढचे तेरा महिने तो धुमसत राहिला. राखेच्या भाराने आसपासच्या गावांतली छपरे कोसळली, शेते गाडली गेली आणि दीपगृहाचा तळमजला राखेत बुडाला. उद्रेकात जीवितहानी झाली नाही, पण माणसांच्या पायाखालची उपजीविका गेली. अमेरिकेने १९५८ मध्ये या निर्वासितांसाठी खास कायदा केला. तो मांडणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी होते. बेटावरची हजारो माणसे समुद्रापार गेली.

मागे राहिली ती सुमारे २.४ चौरस किलोमीटर नवी जमीन, करडी, उघडी आणि सुटी. दीपगृहाचा दिवा विझला होता, आणि ज्या समुद्रासाठी तो लावला जात असे तो समुद्रच दूर सरकला होता.

अशा जागी माहिती केंद्र बांधायचे तर काय बांधावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. स्थापत्याचा विद्यार्थी पहिल्या उत्साहात ज्वालामुखीच्या आकाराची इमारत काढून आणतो. त्यात प्रामाणिक कौतुक असते, हे मी मान्य करतो. पण खरा ज्वालामुखी समोर उभा असताना त्याची प्रतिकृती कोणासाठी, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते ज्वालामुखीच्या भूमीवर आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: या जागी सर्वांत उंच काय दिसावे?

वास्तुविशारद नुनु लोपिश यांनी कापेलिन्युशला याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले आहे. दीपगृहच उंच राहील. २००८ मध्ये खुले झालेले त्यांचे केंद्र संपूर्णपणे जमिनीखाली आहे. छप्पर राखेच्या पातळीला भिडलेले असल्याने दुरून पाहणाऱ्याला अर्धे गाडले गेलेले, भग्न दीपगृह आणि त्यामागचा करडा डोंगर एवढेच दिसते. आपण राखेत उतरत जातो, उजेड मागे राहतो आणि वाऱ्याचा आवाज तुटतो. मग एक गोल दालन लागते. त्याच्या मध्यभागी काँक्रीटचा एकच भक्कम खांब आहे, जो वर जाताना छत्रीसारखा पसरतो आणि छत तोलून धरतो. भिंतींना रंग नाही. डोक्यावर राखेची पातळी आहे, ही जाणीव देण्यासाठी तिथे कोणत्याही फलकाची गरज पडत नाही. उद्रेकाची हकिगत सांगणारी दालने पाहून झाली की दीपगृहाचा अरुंद जिना चढायचा. वरच्या कठड्याशी पुन्हा वारा, लखलखीत उजेड आणि खाली ती अख्खी नवी भूमी. आपण नुकतेच जिथे होतो ती इमारत डोळ्यांनी शोधावी लागते.

हे दिसायला साधे, करायला मात्र फार अवघड आहे. सुटी राख खणू लागले की कडा घसरत राहतात. बाजूच्या भिंतींना मातीचा दाब आयुष्यभर सोसावा लागतो. जमिनीच्या पातळीवरच्या छतावर पडलेले पावसाचे पाणी कुठे न्यायचे हे आधी ठरवावे लागते. आणि खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटमधल्या सळ्यांना गंज चढण्याची भीती कायमची असते. त्यातच ही भूमी स्थिर नाही. उद्रेकाने दिलेल्या जमिनीचा मोठा भाग लाटांनी आतापर्यंत परत नेला आहे. म्हणून या केंद्राबद्दल मला विशेष आदर वाटतो: जी भूमी दाखवायची ती झिजत जाणार, हे मान्य करून ते बांधले आहे.

भूमी तप्त असेल तर प्रश्न बदलतो. कॅनरी बेटांतल्या लान्झारोते येथे १७३० ते १७३६ या काळात ज्वालामुखी उसळला आणि तिमानफायाच्या परिसरात जमिनीखालची धग आजही टिकून आहे. तिथे सेझार मान्रिके या कलावंताने एक गोल, काचेच्या भिंतींचे उपाहारगृह रचले. त्यात मुख्यत्वे दगड, धातू आणि काच वापरली आहे, कारण ती धग सोसणारे साहित्यच हवे होते. आणि जमिनीतून येणाऱ्या त्याच उष्णतेवर जाळी ठेवून मांस भाजले जाते.

श्रोतेहो, आपणही ज्वालामुखीच्याच भूमीवर राहतो. सह्याद्रीचे कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाले आहेत. कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. या दगडात न बांधता कोरून जागा करण्याची विद्या आपल्याकडे होती. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात वरून खाली कोरत आणले गेले आणि ‘आधी कळस, मग पाया’ हे बोल त्यालाच लावले जातात. कापेलिन्युशचे दालन पाहताना मराठी माणसाला परके का वाटू नये, याचे उत्तर इथे आहे.

आता मुंबईत या. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसॉल्टचा सुमारे ६१ मीटर उंच सुळका आहे. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. पेन्सिलींची जुडी उभी करावी तसे त्याचे स्तंभ दिसतात. भोवतालचा दगड खाणींत गेला आणि आता इमारतींनी त्याला वेढले आहे. तिथे कधी माहिती केंद्र झालेच, तर ते पायथ्याशी, जमिनीत अर्धे उतरलेले असावे आणि त्याच्या छपरावरून लोकांना थेट कातळाजवळ जाता यावे. आत फार काही ठेवू नये. एक लांब, अंधारी भिंत, शेवटी वरून येणारा उजेड आणि त्या उजेडात एका स्तंभाचा पायथा, शाळेतल्या मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.