ऑक्टोबरमधला पहिला विजय

मित्रहो, आज मी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आइस हॉकीबद्दल बोलणार आहे. त्यातही एका छोट्या गोष्टीबद्दल. सीझनचा पहिला सामना आपल्या संघानं जिंकला की प्रेक्षक काय करतात, काय बोलतात आणि त्यांना एवढा आनंद का होतो?

बाहेरून पाहणाऱ्याला हा आनंद अवाजवी वाटतो. कॉलेजच्या संघाला एका सीझनमध्ये साधारण चौतीस सामने खेळायचे असतात. त्यातला एक जिंकला. अजून थंडीसुद्धा नीट पडलेली नाही, झाडांची पानं नुकती लाल-पिवळी होताहेत आणि इकडे चार हजार माणसं गळ्यात गळे घालून नाचताहेत! एप्रिलमध्ये शेवटचे चार संघ ज्या फेरीत भिडतात तिला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. ती तर अजून सहा महिने दूर आहे. मग हा जल्लोष कशाचा? माझं म्हणणं असं आहे की हा जल्लोष भावनेच्या बाजूनं तर खरा आहेच, पण हिशेबाच्या बाजूनंही तो खरा आहे.

आधी भावनेचं बोलू. कॉलेजचा संघ दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी नव्यानं उभा राहतो. व्यावसायिक संघात एखादा खेळाडू दहा-दहा वर्षं दिसतो. इथे फार तर चार वर्षं. ज्याच्या नावानं तुम्ही चार हिवाळे ओरडलात तो मे महिन्यात पदवी घेऊन निघून जातो. आता तर मधूनच कॉलेज बदलणंही सोपं झालंय. शिवाय कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये (तरुण खेळाडूंच्या तिथल्या वरच्या स्पर्धेत) खेळलेल्या मुलांना पूर्वी कॉलेज हॉकीचं दार बंद होतं, ते २०२५–२६च्या सीझनपासून उघडलं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जो संघ बर्फावर उतरतो त्यातल्या निम्म्या मुलांची नावंसुद्धा प्रेक्षकांना पाठ नसतात. जर्सी तीच, बँड तोच, खुर्ची तीच. पण खेळणारा कोण, हे कळायचं असतं. पहिल्या सामन्याला माणसं निकालाइतकीच ओळख करून घ्यायला येतात.

म्हणून सामना संपल्यावरची बोलणी ऐकण्यासारखी असतात. पहिला विषय नेहमी गोलकीपर. गेल्या वर्षीचा गेला, आता हा कसा आहे? पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, सोडतो की धरून ठेवतो? डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ढिला वाटतो का? समोरच्या संघाच्या गोलकीपरवर तर गोल झाल्या झाल्या सगळं स्टेडियम ‘चाळणी, चाळणी’ म्हणून तुटून पडतं, इंग्रजीत ‘सीव्ह’. आपल्यावर गोल झाला की मात्र तेच लोक म्हणतात, “अहो, डिफेन्सनं त्याला एकटं सोडलं, तो तरी काय करणार!” मग नवख्या मुलाचा पहिला गोल. जाळ्यातला तो पक कोणीतरी संघसोबती वाकून उचलतो आणि बाकाकडे नेऊन देतो, कारण तो त्या मुलाच्या घरी जाणार असतो. हे प्रेक्षकांना दिसतं आणि त्या क्षणापासून तो मुलगा ‘आपला’ होतो. मला संपूर्ण सामन्यात सर्वांत आवडणारी हालचाल हीच.

आणि प्रत्येक गर्दीत चाळीस वर्षं तीच सीट धरून बसलेले काही जण असतात. त्यांना विजय पुरत नाही. पॉवर प्ले अजून जमलेला नाही, समोरचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर असताना आपण पक नुसता कडेकडेनं फिरवतो, तिसऱ्या पिरियडमध्ये फालतू पेनल्ट्या घेतल्या, समोरचा संघ तसा कच्चाच होता. ही तक्रार म्हणजे त्यांचं प्रेम आहे हे शेजारचा विद्यार्थी दोन-तीन सामन्यांत ओळखतो. तो हसत नाही, ऐकतो. पुढे तोच त्या खुर्चीवर बसणार असतो.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकलेल्या माणसाला हे वातावरण समजावून सांगावं लागत नाही. नाटक अजून सुरू व्हायचं असतं आणि कॉलेज आधीच रंगात आलेलं असतं. इथेही तसंच. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला कॉर्नेल विद्यापीठाच्या लायना रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, जणू समोर कोणी नाहीच. हार्वर्ड आलं की बर्फावर मासे फेकले जातात! पेप बँडमधली मुलं पितळी वाद्यं घेऊन स्टँडमध्येच बसलेली असतात, त्यामुळे खेळ थांबला की संगीत सुरू, संगीत थांबलं की घोषणा सुरू.

आता एक खरी गोष्ट सांगते. पेन्सिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे, तिथं पेन स्टेट विद्यापीठ. अमेरिकन फुटबॉलचं वेड असलेलं ठिकाण. तिथं आइस हॉकी अनेक दशकं फक्त क्लबच्या पातळीवर होती. त्या ‘आइसर्स’ संघानं क्लबच्या स्पर्धेत सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पण रिंक जेमतेम तेराशे-साडेतेराशे माणसांची, आणि मोठ्या विद्यापीठांच्या हॉकीत त्यांना स्थान नाही. सप्टेंबर २०१०मध्ये टेरी आणि किम पेगुला या दांपत्यानं ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर केली. पैसा नैसर्गिक वायूच्या व्यवसायातला. देणगी पुढे १० कोटींच्या वर गेली. २०१२मध्ये संघ डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात आला. पहिलाच सामना जुन्या छोट्या रिंकमध्ये झाला, आणि अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजकडून ओव्हरटाइममध्ये ३–२ असा हरला.

त्यानंतरच्या वर्षी नवी रिंक तयार झाली, सुमारे सहा हजार आसनांची. तिची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे एका गोलमागचा विद्यार्थ्यांचा स्टँड. बांधकामाचे नियम जितका चढ देऊ देतात तितका उभा तो बांधला आहे. हजारभर विद्यार्थी जवळजवळ भिंतीसारखे गोलकीपरच्या डोक्यावर उभे असतात. ११ ऑक्टोबर २०१३ला तिथं सीझनचा पहिला सामना झाला, आर्मीविरुद्ध, म्हणजे अमेरिकन लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध. पेन स्टेटनं तो ४–१ जिंकला. ज्यांनी छोट्या रिंकमध्ये क्लबच्या संघासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता त्यांच्यासाठी तो निकाल ‘चौतीसपैकी एक’ नव्हताच. आपण इथे कायमचे आलो आहोत, हे त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदा दिसलं.

आता पुढचं ऐका. त्या सीझनमध्ये पेन स्टेटनं एकूण ८ सामने जिंकले आणि २६ हरले. मग ऑक्टोबरमधला तो आनंद खोटा ठरला का? मला तसं अजिबात वाटत नाही. मार्च २०१४मध्ये बिग टेन या आपल्या लीगच्या (कॉलेजांच्या गटाच्या) स्पर्धेत याच संघानं मिशिगनला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये २–१ हरवलं. मिशिगन म्हणजे १९४८ची पहिलीवहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारं, नऊ विजेतेपदांचं घराणं! त्या पराभवामुळे मिशिगन राष्ट्रीय स्पर्धेच्या बाहेर राहिलं. आणि २०२५मध्ये पेन स्टेट स्वतः पहिल्यांदा फ्रोझन फोरमध्ये पोचलं. पहिल्या विजयानं भविष्य सांगितलं नव्हतं. भविष्य पाहायला थांबतील अशी माणसं त्यानं जमवली.

उलटी बाजूही सांगते. डेन्व्हर विद्यापीठानं २०२४ला आपलं दहावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या सीझनची सुरुवात सलग बारा विजयांनी केली. एप्रिल आला, फ्रोझन फोरच्या उपांत्य सामन्यात वेस्टर्न मिशिगननं त्यांना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३–२ गारद केलं, आणि त्याच वेस्टर्न मिशिगननं दोन दिवसांनी आपलं पहिलं विजेतेपद घेतलं.

माझी सर्वांत आवडती सुरुवात मात्र १९६९ची आहे. कॉर्नेलचा गोलकीपर होता केन ड्रायडन. तीन सीझनमध्ये ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. पुढे मॉन्ट्रियलसाठी व्यावसायिक हॉकीचे सहा स्टॅनले कप जिंकले, कॅनडात मंत्रीही झाला. गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५मध्ये तो गेला. १९६९च्या अंतिम सामन्यात कॉर्नेल डेन्व्हरकडून ४–३ हरलं आणि ड्रायडन पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानंतरच्या हिवाळ्याच्या पहिल्या सामन्याला लायनामध्ये आलेल्या माणसाची कल्पना करा. जगातला सर्वोत्तम होऊ घातलेला गोलकीपर गेलाय आणि त्याच्या जागी ब्रायन क्रॉपर नावाचा बुटका मुलगा उभा आहे. संघ जिंकतो. पुढचा सामनाही जिंकतो. मार्च १९७०पर्यंत एकही सामना हरत नाही, एकही बरोबरीत सुटत नाही. २९–०. अंतिम सामन्यात क्लार्कसनला ६–४ हरवताना डॅन लोडबोआ या डिफेन्समननं शेवटच्या पिरियडमध्ये एकट्यानं तीन गोल केले. पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये असा निष्कलंक सीझन खेळून विजेता झालेला दुसरा संघ नाही. त्या एकोणतीसमधला पहिला विजय पाहणाऱ्यांना आपण काय पाहतोय हे कळणं शक्यच नव्हतं. तरी ते ओरडले, आणि बरोबरच ओरडले.

आता हिशेबाकडे येते. इथे बरेच लोक चुकतात. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ जातात. सहा लीग, सहा विजेते, त्यांना थेट प्रवेश. उरलेल्या दहा जागा गणिती क्रमवारीनं भरल्या जातात. आधी ‘पेअरवाइज’ नावाची पद्धत होती, २०२५–२६पासून पुरुषांच्या हॉकीत ‘एनपीआय’ आली. दोन्ही पद्धतींत तारखेला किंमत नाही. ऑक्टोबरमधला विजय आणि मार्चमधला विजय सूत्रात सारख्याच वजनानं बसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबरमध्ये संघ बहुतेक सामने आपल्या लीगबाहेरच्या संघांशी खेळतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक लीग आपसात खेळते. तेव्हा एका लीगची ताकद दुसरीच्या तुलनेत किती, हे मोजायला सूत्राकडे जे काही असतं ते बव्हंशी या सुरुवातीच्या सामन्यांतून आलेलं असतं. म्हणजे तुमच्या शेजारच्या कॉलेजनं ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या संघाला हरवलं, तर मार्चमध्ये त्याचा फायदा तुम्हालाही मिळतो. म्हणून पहिल्या शुक्रवारी रात्री जाणकार प्रेक्षक आपला निकाल लागल्यावर कट्टर प्रतिस्पर्ध्याचाही निकाल शोधतात आणि तो जिंकावा अशी इच्छा करतात. जानेवारीत ते त्याच्यावर पुन्हा तुटून पडतील, ते वेगळं.

पण खरं सांगू? ज्यांना या गणिताचा उपयोगच होत नाही त्यांचा आनंद मला जास्त मोलाचा वाटतो. मी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयजवळ राहते. हडसन नदीकाठचं हे जुनं कारखान्यांचं गाव. तिथली रेन्सेलर संस्था १८२४मधली, अभियांत्रिकीची. ब्रुकलिन ब्रिज पूर्ण करणारे वॉशिंग्टन रोबलिंग तिथलेच विद्यार्थी. तिथल्या हॉकीच्या इमारतीचा सांगाडा मुळात ऱ्होड आयलंडमधल्या नौदलाच्या गोदामाचा. तो सुटा करून इथे आणला, पुन्हा जोडला आणि १९४९मध्ये रिंक सुरू झाली. १९५४ला नेड हार्कनेस या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कॉर्नेलचा १९७०चा निष्कलंक संघही याच हार्कनेसचा, हे ट्रॉयकर आवर्जून सांगतात. १९८५ला दुसरं विजेतेपद: ३५ विजय, २ पराभव, १ बरोबरी, संघात पुढे व्यावसायिक हॉकीत गाजलेला अॅडम ओट्स, अंतिम सामन्यात प्रॉव्हिडन्सवर २–१.

त्यानंतर? राष्ट्रीय स्पर्धेत १९९४ आणि १९९५, मग थेट २०११, आणि त्यानंतर २०२५पर्यंत एकदाही नाही. साथीच्या काळात, २०२०–२१मध्ये तर सीझनच रद्द झाला. शेजारी स्केनेक्टडीचं छोटंसं युनियन कॉलेज मिनेसोटाला ७–४ हरवून २०१४ला राष्ट्रीय विजेतं झालं, तेही यांना पाहावं लागलं. तरी दर ऑक्टोबरला ही माणसं येतात. साइन, कोसाइन, टॅन्जन्ट आणि ३.१४१५९ असलेली घोषणा देतात. आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजला ती पहिल्या ऐकण्यात पाठ होईल. १९८५ पाहिलेले आजोबा आणि पहिल्यांदाच हॉकी पाहणारी, महिन्याभरापूर्वी हैदराबादहून किंवा नाशिकहून आलेली मुलं एकाच रांगेत बसतात. ऑफसाइड म्हणजे काय हे त्या मुलांना तेच आजोबा समजावतात. आणि पहिला सामना जिंकला की गाडीतळावर अर्धा-पाऊण तास कोणी हलत नाही. नवा गोलकीपर चांगला आहे. दुसऱ्या फळीतला तो छोटा फॉरवर्ड वेगवान आहे. यंदा निदान घरच्या मैदानावर प्लेऑफ (लीगच्या शेवटचे बाद फेरीचे सामने) मिळेल का? इतकंच बोलणं. चाळीस वर्षं विजेतेपद न पाहिलेल्या माणसांनी इतक्या मोजक्या अपेक्षेनं इतका पूर्ण आनंद घ्यावा, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

तुमच्यापैकी काहींची मुलं यंदा तिकडे शिकायला जाणार आहेत. त्यांच्या कॉलेजात हॉकीचा संघ असेल तर त्यांना पहिल्या घरच्या सामन्याला जायला सांगा. फेब्रुवारीतल्या मोठ्या सामन्यापेक्षा हाच आधी पाहावा, कारण त्या दिवशी संघ सगळ्यांनाच नवा असतो आणि शेजारच्याला काहीही विचारलं तरी चालतं. स्वेटर न्यावा, आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते. कॉर्नेल, हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा आयव्ही लीगच्या कॉलेजांत असतील तर मात्र ऑक्टोबर संपत येईपर्यंत थांबावं लागेल. त्यांचा सीझन इतरांपेक्षा उशिरा सुरू होतो आणि सामनेही कमी असतात. बहुतेक ठिकाणी सामने शुक्रवारी आणि शनिवारी होतात, त्यामुळे शुक्रवारी जिंकलेल्या संघाला दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा उतरावं लागतं. दोन्ही तिकिटं एकदमच काढून ठेवावीत.